फेज हरवल्यावर चित्र परत कसे मिळते, आणि माझा ‘अ’ दोन शिरोरेषा घेऊन का येतो?

कंदील

नमस्कार. मी भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि विवर्तनाकृतीवरून मूळ वस्तूचे चित्र परत मिळवणे हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. अडचण सांगण्याआधी मला जेवढे समजले आहे तेवढे मांडते, म्हणजे पायाच कच्चा असेल तर तेही लक्षात येईल.

सुसंगत प्रकाश, समजा लेझर, एखाद्या लहान वस्तूवर टाकला की दूरच्या पडद्यावर उमटणारी विवर्तनाकृती त्या वस्तूच्या फूरिये रूपांतराशी (चित्राची लहानमोठ्या लाटांत केलेली गणिती फोड) जुळते. या रूपांतराच्या प्रत्येक बिंदूवर एक संमिश्र संख्या असते आणि तिला दोन अंगे असतात: आयाम, म्हणजे लाटेची उंची, आणि फेज, म्हणजे लाट कोणत्या टप्प्यावर आहे ते (आमच्या पाठ्यपुस्तकात हिला ‘कला’ म्हटले आहे). कॅमेरा मात्र फक्त तीव्रता, म्हणजे आयामाचा वर्ग, नोंदवतो. हीलियम-निऑन लेझरचा लाल प्रकाश सेकंदाला सुमारे ४७० लाख कोटी वेळा कंप पावतो आणि इतक्या वेगाची चढउतार टिपणारा कॅमेरा नसल्यामुळे फेज नोंदलीच जात नाही. ती परत मिळवण्यासाठी मी पुढीलप्रमाणे प्रोग्रॅम लिहिला. मोजलेल्या आयामांना यादृच्छिक फेज जोडायची, उलट रूपांतर करून चित्र काढायचे, चित्राविषयी जे आधीपासून ठाऊक आहे ते त्याच्यावर लादायचे, पुन्हा रूपांतर करायचे, नवी फेज ठेवून आयाम मात्र मोजलेलेच बसवायचे, आणि हे चक्र शेकडो वेळा फिरवायचे.

पहिल्या प्रयत्नात मी २५६ × २५६ पिक्सेलचे, चौकट पूर्ण भरलेले एक छायाचित्र घेतले, त्याच्या फूरिये रूपांतराचे आयाम काढले आणि फेज फेकून दिली. चित्र वास्तव संख्यांचे असल्यामुळे दर आवर्तनात काल्पनिक भाग पुसून टाकण्याची एकच अट मी ठेवली होती. दुसऱ्या आवर्तनानंतरच त्रुटी (चित्राचे आयाम आणि मोजलेले आयाम यांतला फरक) शून्यावर आली, म्हणजे संगणकाच्या अचूकतेच्या मर्यादेइतकी खाली गेली, पण पडद्यावर निव्वळ खरखर होती.

दुसऱ्या प्रयत्नात काळ्या पार्श्वभूमीवरचे ‘अ’ हे अक्षर २५६ × २५६ च्या चौकोनात बसवून तो चौकोन ५१२ × ५१२ च्या शून्यांच्या मधोमध ठेवला आणि चौकोनाबाहेर सगळे शून्य असले पाहिजे अशी अट घातली. साध्या पद्धतीत त्रुटी सुरुवातीला झपाट्याने उतरली आणि मग हजार आवर्तनांत जागची हलली नाही. त्यानंतर फीनप यांची हायब्रिड इनपुट-आउटपुट पद्धत बीटा (तिच्यातला दुरुस्तीचा गुणक) ०.९ ठेवून पाचशे आवर्तने चालवली. आता अक्षर दिसते, पण त्याच्या अंगावर दुसरे उलटे अक्षर चढलेले आहे, त्यामुळे शिरोरेषा वरही आहे आणि खालीही.

तेव्हा तीन गोष्टी विचारते. त्रुटी शून्य असताना चित्र चुकीचे कसे असू शकते? निम्मी माहिती फेकून दिल्यावर ती परत येते तरी कुठून? आणि या दोन शिरोरेषांचे काय करावे?

लोलक

पाया पक्का आहे. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर एकच असल्यामुळे ते एकत्र घेतो आणि तिसरा प्रश्न जाणकारांवर सोपवतो.

पहिल्या प्रयत्नातला हिशेब मांडून पाहा. २५६ × २५६ च्या चित्रात ६५,५३६ अज्ञात संख्या आहेत. वास्तव चित्राच्या फूरिये रूपांतरात समोरासमोरच्या बिंदूंचे आयाम सारखेच असतात, त्यामुळे हाती येणारी स्वतंत्र मापे त्याच्या जवळजवळ निम्मी, म्हणजे सुमारे ३२,७६८ भरतात. पासष्ट हजार अज्ञाते आणि बत्तीस हजार समीकरणे अशी ही परिस्थिती आहे. समोरासमोरच्या बिंदूंना विरुद्ध चिन्हाची फेज द्यायची एवढे पथ्य पाळले, तर कोणतीही फेज घेऊन बनवलेले चित्र वास्तव येते आणि मोजलेल्या आयामांशी तंतोतंत जुळते. तुमच्या प्रोग्रॅमने पहिल्या आवर्तनात हे पथ्य पाळले आणि दुसऱ्यापासून त्याला सुधारण्यासारखे काही उरलेच नाही. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर दिले. फक्त त्या प्रश्नाला असंख्य बरोबर उत्तरे होती आणि त्यांतले एक, खरखरीचे, तुमच्या वाट्याला आले.

दुसऱ्या प्रयत्नात अज्ञाते तितकीच, ६५,५३६ च आहेत, कारण बाहेरचा सगळा भाग शून्य असल्याचे ठाऊक आहे. मापे मात्र ५१२ × ५१२, म्हणजे २,६२,१४४, आणि सममितीमुळे निम्मी केली तरी १,३१,०७२ उरतात. आता समीकरणे अज्ञातांच्या दुप्पट झाली. माहिती कुठून आली म्हणाल, तर वस्तूभोवतीच्या रिकाम्या जागेतून. ‘इथे काहीही नाही’ हे विधानसुद्धा माप असते आणि लाखभर पिक्सेलांबद्दल ते एकदम करता आले तर त्याचे वजन फार मोठे होते. प्रत्यक्ष प्रयोगात याचा अर्थ असा की विवर्तनाकृती पुरेशी बारीक मोजली पाहिजे, आणि वस्तू जितकी लहान व एकटी असेल तितके ते सोपे जाते.

मात्र समीकरणांची संख्या पुरेशी असली म्हणजे उत्तर एकच असेल, असे नाही. हे कागद-पेन्सिलीने पाहता येते आणि मी प्रत्येकाला एकदा तरी करून पाहायला सांगतो. एकमितीय ‘चित्र’ घ्या: १, ५, ६. आयामांच्या वर्गाचे उलट रूपांतर केले की ऑटोकोरिलेशन मिळते, म्हणजे चित्र स्वतःवरच सरकवून केलेल्या गुणाकारांच्या बेरजा. न सरकवता १ + २५ + ३६ = ६२, एक घर सरकवून ५ + ३० = ३५, दोन घरे सरकवून ६. आता दुसरे चित्र घ्या: २, ७, ३. न सरकवता ४ + ४९ + ९ = ६२, एक घर सरकवून १४ + २१ = ३५, दोन घरे सरकवून ६. दोन्ही चित्रे पूर्णपणे निराळी आहेत, एक दुसऱ्याला उलटवूनही मिळत नाही, तरी दोघांची विवर्तनाकृती अगदी एक येईल.

याचे कारण बहुपदींत आहे. पहिल्या चित्राची बहुपदी १ + ५झ + ६झ² अशी लिहिली तर तिचे अवयव (१ + २झ) आणि (१ + ३झ) असे पडतात. त्यांतला पहिला अवयव उलटवून (२ + झ) केला की गुणाकार २ + ७झ + ३झ² होतो. अवयव उलटवल्याने आयाम बदलत नाही, फेज तेवढी बदलते. एका चलाच्या बहुपदीचे संमिश्र संख्यांमध्ये अवयव नेहमीच पडतात, त्यामुळे एकमितीय प्रश्नात अशी जुळणारी पण खोटी उत्तरे ढिगाने असतात. दोन चलांच्या बहुपदीचे मात्र सहसा अवयव पडतच नाहीत, त्यामुळे उलटवायला सुटा तुकडाच मिळत नाही. ब्रुक आणि सोडिन यांनी १९७९ मध्ये हा मुद्दा मांडला आणि पुढे बेट्स यांनी १९८२ मध्ये तो दोन व अधिक मितींसाठी विस्ताराने मांडला. अधिक मितींचा प्रश्न एकमितीपेक्षा सोपा निघावा, हे मला अजूनही काहीसे उफराटे वाटते.

आता साधी पद्धत अडकून का पडते, ते पाहू. मोजलेले आयाम पाळणाऱ्या सर्व चित्रांचा एक संच आणि चौकोनाबाहेर शून्य असणाऱ्या सर्व चित्रांचा दुसरा संच कल्पा. तुमचे प्रत्येक पाऊल या दोहोंपैकी एका संचातल्या जवळात जवळच्या बिंदूवर नेऊन ठेवते. त्यामुळे त्रुटी वाढत कधीच नाही, हे पार्सेव्हालच्या प्रमेयावरून (चित्रातली आणि त्याच्या रूपांतरातली एकूण ऊर्जा सारखीच असते) सिद्ध करता येते आणि तुमच्या आलेखातही ते दिसले असेल. दुसरा संच सपाट आहे, पण पहिला नाही: प्रत्येक बिंदूवर आयाम ठरलेला म्हणजे संमिश्र प्रतलात एक वर्तुळ, आणि परिघावरचे दोन बिंदू जोडले तर त्यांच्या मधला बिंदू परिघावर राहत नाही. अशा वाकड्या संचामुळे वाटेत खळगे तयार होतात, आणि कधीही चढ न चढणारी पद्धत पहिल्याच खळग्यात बसते. गेर्चबर्ग आणि सॅक्सटन यांनी १९७२ मध्ये हे चक्र मांडले तेव्हा त्यांच्याकडे चित्र आणि विवर्तनाकृती अशा दोन्ही ठिकाणच्या तीव्रता होत्या, त्यामुळे त्यांचा मार्ग बराच सुकर होता. तुमच्याकडे एकच तीव्रता आहे.

फीनप यांनी १९७८ मध्ये सुचवलेली आणि १९८२ च्या लेखात इतर पद्धतींशी ताडून पाहिलेली युक्ती या खळग्यांवरच घाव घालते. साधी पद्धत चौकोनाबाहेरच्या पिक्सेलला थेट शून्य करते. हायब्रिड पद्धत तसे न करता त्या पिक्सेलच्या मागच्या मूल्यातून नव्या मूल्याचा बीटापट भाग वजा करते. समजा बाहेरच्या एका पिक्सेलचे मागचे मूल्य ० होते आणि आयाम बसवल्यावर तिथे १० उगवले. साधी पद्धत पुन्हा ० लिहील; ही पद्धत ० − ९ = −९ लिहील. पुढच्या फेरीत तिथे ४ उगवले तर ती −९ − ३.६ = −१२.६ लिहील. म्हणजे पिक्सेल नियम मोडत राहिला तर त्याच्यावरचा दाब साचत जातो, आणि तो इतका साचतो की चित्र त्या खळग्यातून बाहेर ढकलले जाते. मधल्या काळात त्रुटी वाढलेली दिसेल, त्याने घाबरू नये. या पद्धतीत साठवलेले ‘इनपुट’, म्हणजे −१२.६ सारखी मूल्ये घेऊन पुढच्या फेरीत जाणारे आकडे, हे वस्तूचे चित्र नसते. पाहायचे असते ते आयाम बसवल्यानंतरचे, सपोर्टच्या, म्हणजे वस्तू जिथे असू शकते त्या भागाच्या (तुमच्या बाबतीत चौकोनाच्या), आतले चित्र. शेवटी वीस-पंचवीस आवर्तने साध्या पद्धतीची दिली म्हणजे उरलेसुरले निवळते.

कंदील

लोलक, मनापासून आभार. १, ५, ६ आणि २, ७, ३ चे उदाहरण मी आताच वहीत करून पाहिले आणि मैत्रिणीलाही दाखवले. तिचा पहिला प्रश्न असा होता की मग दोन मितींतही मुद्दाम अवयव पडणारे चित्र बनवले तर पद्धत फसेल का. मला वाटते फसावी. तसेच, माझ्या प्रोग्रॅममध्ये मी इनपुटच पडद्यावर दाखवत होते, ती चूक दुरुस्त केली. खरखर पुष्कळ कमी झाली, पण दोन्ही शिरोरेषा आपापल्या जागी ठाम आहेत.

भिंग

मैत्रिणीची शंका रास्त आहे. एका छोट्या आकृतीच्या प्रती दुसऱ्या आकृतीच्या बिंदूंवर ठेवून चित्र बनवले, की त्याच्या बहुपदीचे दोन अवयव पडतात आणि त्यांतला एक उलटवून खोटे उत्तर तयार करता येते. निसर्गात मिळणाऱ्या वस्तूंमध्ये हा योग क्वचित येतो.

आता शिरोरेषांकडे वळतो. अवयव पडत नसले तरी तीन गोष्टी विवर्तनाकृतीवरून कधीच कळत नाहीत. वस्तू जागची सरकवली, संपूर्ण वस्तूला एकच स्थिर फेज दिली, किंवा वास्तव वस्तू १८० अंशांत फिरवली, तर आयाम तेच राहतात. पहिल्या दोन बाबी निरुपद्रवी आहेत. तिसरीला आम्ही जुळे चित्र म्हणतो, आणि तुमच्या पडद्यावर तेच उतरले आहे.

जुळे चित्र एकटे आले असते तर तक्रार नव्हती, कारण संपूर्ण उलटा ‘अ’ हेही बरोबरच उत्तर आहे. तो फिरवून घेतला की झाले. अडचण दोघे एकत्र येण्याची आहे. तुमचा सपोर्ट मधोमध ठेवलेला चौकोन आहे. चौकोन १८० अंशांत फिरवला तर तोच राहतो, त्यामुळे सुलटे अक्षर त्यात जितके नीट बसते तितकेच उलटेही बसते. यादृच्छिक फेजने सुरुवात केली की चित्रात दोघांचेही अंश उमटतात, काही भागांत एकाचे जास्त तर काही भागांत दुसऱ्याचे, आणि पुढे कोणीही मागे हटत नाही. एकाला पूर्ण घालवायचे तर मधल्या काळात त्रुटी बरीच वाढू द्यावी लागते, आणि हायब्रिड पद्धतीचा रेटाही नेहमी तेवढा पुरत नाही.

फीनप आणि वॅकरमन यांनी १९८६ मध्ये यावर सुचवलेला उपाय फार सोपा आहे. काही आवर्तनांपुरता सपोर्ट मुद्दाम असममित करायचा. तुमच्या चौकोनाचा एक कर्ण काढा आणि त्याच्या एका बाजूचा त्रिकोण तेवढा सपोर्ट म्हणून दहा-वीस आवर्तने ठेवा. मूळ अक्षर त्या त्रिकोणात पुरते मावत नाही, हे खरे आहे, आणि म्हणूनच हा सपोर्ट तात्पुरता असतो. पण तेवढ्या वेळात दोन जुळ्यांपैकी ज्याचा ठळक भाग त्रिकोणात जास्त येतो ते वरचढ ठरते. त्यानंतर पूर्ण चौकोन परत दिला तरी मागे पडलेले जुळे सहसा पुन्हा डोके वर काढत नाही. समतोल एकदा मोडला की पद्धत उरलेले काम आपण होऊन करते.

त्याहून चांगला उपाय म्हणजे सपोर्ट वस्तूच्या अंगाबरोबर आवळत नेणे. याला श्रिंक-रॅप म्हणतात आणि मार्केझिनी व सहकाऱ्यांनी तो २००३ मध्ये मांडला. सुरुवातीचा सपोर्ट ऑटोकोरिलेशनवरून घ्यायचा, म्हणजे वस्तूच्या आकाराची माहिती बाहेरून आणावी लागत नाही. मग दर वीस आवर्तनांनी चालू चित्र गॉसियनने (घंटेच्या आकाराच्या वक्राने) किंचित पुसट करायचे आणि कमाल मूल्याच्या वीस टक्क्यांहून उजळ असलेला भाग नवा सपोर्ट म्हणून धरायचा. गॉसियनची रुंदी त्यांनी ३ पिक्सेलपासून हळूहळू दीड पिक्सेलपर्यंत कमी केली होती. ‘अ’ असममित असल्यामुळे सपोर्ट त्याच्या अंगासरशी बसू लागला की उलट्या अक्षराला जागाच उरणार नाही. वीस टक्के हा आकडा मात्र मंत्र समजू नये. अक्षराच्या कडा पुसट असतील तर तो कमी करावा लागतो, नाहीतर एखाद्या आवर्तनात ‘अ’चा काना सपोर्टबाहेर जातो आणि परत येत नाही. काना गमावलेली पुष्कळ अक्षरे मी पाहिली आहेत.

आणखी एक गोष्ट. तुमचे अक्षर काळ्यावर पांढरे, म्हणजे सर्वत्र शून्य किंवा धन आहे. ऋण मूल्य आलेला पिक्सेल सपोर्टच्या आत असला तरी त्याला नियम मोडणारा समजा आणि हायब्रिड पद्धतीचा तोच नियम लावा. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

स्फटिकवेडी

मी क्ष-किरण स्फटिकशास्त्रात काम करते, तेव्हा त्या बाजूने थोडे लिहिते. कंदील, तुमचा पहिला, फसलेला प्रयत्न वाचताना मला गंमत वाटली, कारण तुम्ही नकळत एक स्फटिक तयार केला होता. संगणकावरचे फूरिये रूपांतर चित्र सर्व बाजूंनी पुन्हापुन्हा मांडलेले आहे असेच धरून चालते. चौकट भरलेले चित्र फरशीसारखे एकाला एक लागून मांडले गेले, म्हणजे एकक पेशी (स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा ठोकळा) आणि तिच्या असंख्य प्रती तयार झाल्या. स्फटिकाची विवर्तनाकृती सुट्या ब्रॅग बिंदूंवरच उजळते. मधल्या जागेत मोजायला काहीच नसते. फेजचा प्रश्न म्हणून जे आमच्या शास्त्रात पिढ्यान्‌पिढ्या गाजले ते हेच.

मधल्या जागेत मोजता आले तर काय होईल, हा विचार डेव्हिड सेअर यांनी १९५२ मध्ये एका छोट्या टिपणात मांडला. शॅनन यांच्या नमुना-सिद्धान्ताचा (किती जवळजवळ मापे घेतली की माहिती हरवत नाही, हे सांगणारा) आधार घेऊन त्यांनी म्हटले की ब्रॅग बिंदूंच्या अधल्यामधल्या जागीही तीव्रता मोजता आल्या तर रचना थेट काढता यावी. (हेच सेअर पुढे आयबीएममध्ये फोरट्रान घडवणाऱ्या चमूत होते.) ते प्रत्यक्षात उतरायला १९९९ उजाडले. मियाओ, चॅरालंबस, कर्झ आणि स्वतः सेअर यांनी ब्रुकहेवनच्या सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणारे त्वरक यंत्र) १.७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या क्ष-किरणांनी, सिलिकॉन नायट्राइडच्या पडद्यावर सोन्याच्या सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाच्या ठिपक्यांनी लिहिलेली अक्षरे वाचून दाखवली. विभेदनक्षमता, म्हणजे दिसू शकणारा सर्वांत बारीक तपशील, ७५ नॅनोमीटरच्या आसपास होती. म्हणजे अक्षर वाचून पाहण्याची प्रथा तुमच्या ‘अ’च्या आधीपासूनची आहे.

पण स्फटिकात मधल्या जागेत मोजता येत नसेल तर आम्ही हातावर हात धरून बसतो का? नाही, कारण रिकामी जागा पेशीच्या आतही असते. अणू टाचणीच्या टोकांसारखे विखुरलेले असतात आणि पेशीचा बराचसा भाग इलेक्ट्रॉन घनतेच्या दृष्टीने जवळजवळ ओस असतो. घनता ऋण नसते आणि ती अणूंच्या ठिपक्यांत गोळा झालेली असते, या गृहीतांवर हाउप्टमन आणि कार्ल यांनी डायरेक्ट मेथड्स उभ्या केल्या आणि त्यांना १९८५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तुमच्या आवर्ती चक्राशी जास्त नाते सांगणारी पद्धत २००४ मध्ये ओस्लान्यी आणि श्युतो या हंगेरियन संशोधकांनी दिली. तिचे नाव चार्ज फ्लिपिंग. एका लहानशा मर्यादेखाली घनता असलेल्या प्रत्येक पिक्सेलचे चिन्ह बदलायचे, मोजलेले आयाम बसवायचे आणि पुन्हा तेच करायचे. अणू कुठे आहेत, किती आहेत, काहीही सांगावे लागत नाही. ही पद्धत मी प्रथम वाचली तेव्हा मला ती थट्टा वाटली होती. नंतर स्वतःच्याच एका जुन्या मोजमापावर चालवली आणि काही मिनिटांत रचना समोर आली.

प्रकल्पाच्या सादरीकरणासाठी एक प्रात्यक्षिक सुचवते. दोन छायाचित्रे घ्या, एकाचे आयाम आणि दुसऱ्याची फेज जोडून उलट रूपांतर करा. चित्र ज्याची फेज त्याचे दिसते. आयाम ज्याचे, त्याची जेमतेम छाया उरते. मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि आर. श्रीनिवासन यांनी १९६१ मध्ये स्फटिकांच्या बाबतीत हाच विरोधाभास दाखवला होता. परीक्षकांना फेज म्हणजे नेमके काय हरवले, ते यावरून पटकन कळते.

गच्चीवरची दुर्बीण

दुर्बिणींच्या बाजूने एक भर घालतो. हबलचा २.४ मीटरचा आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रोमीटरने जास्त सपाट घासला गेला आहे, हे १९९० मध्ये लक्षात आले. तेव्हा चूक नेमकी किती आहे हे ठरवण्यासाठी ताऱ्यांच्या बिघडलेल्या चित्रांवरच या जातीची आवर्ती गणिते चालवली गेली, आणि ती चालवणाऱ्यांत फीनपही होते. तिथे ताऱ्याचे चित्र म्हणजे विवर्तनाकृती, आणि शोधायची फेज म्हणजे आरशाचा वाकडेपणा. जेम्स वेब दुर्बिणीच्या १८ आरशांची शेवटची बारीक जुळवणीसुद्धा मुद्दाम फोकस हलवून घेतलेल्या चित्रांवरून, फेज शोधूनच केली गेली.

लोलक

कंदील, पुढे खऱ्या लेझरवर जाणार असाल तर काही गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो, कारण त्यांपैकी बहुतेक मी स्वतः चुकून शिकलो आहे.

वस्तू १ मिलिमीटर रुंद असेल आणि कॅमेरा अर्ध्या मीटरवर ठेवला असेल तर ते दूरक्षेत्र होत नाही. वस्तूच्या रुंदीच्या वर्गाला तरंगलांबी आणि अंतर यांच्या गुणाकाराने भागले की ३ च्या वर उत्तर येते, आणि ते १ पेक्षा खूप लहान यायला हवे. त्यापेक्षा १०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग घेऊन कॅमेरा त्याच्या नाभीप्रतलात ठेवा. तिथे फूरिये रूपांतर आपसूक मिळते. ६३३ नॅनोमीटर तरंगलांबीला अशा मांडणीत आकृतीतला सर्वांत बारीक ठिपका सुमारे ६३ मायक्रोमीटरचा असतो. एका ठिपक्यावर निदान दोन पिक्सेल पडले पाहिजेत, हीच ती दुप्पट मापांची अट. पाच मायक्रोमीटर पिक्सेलचा कॅमेरा असेल तर ती सहज पाळली जाते.

खरी डोकेदुखी मधल्या उजेडाची आहे. केंद्रातला ठिपका आणि कडेची आकृती यांच्या तीव्रतेत इतके अंतर असते की आठ बिटांच्या कॅमेऱ्यावर एकतर मध्य पांढराफट होतो किंवा कड काळी पडते. वेगवेगळ्या वेळांची तीन-चार उद्भासने (एक्सपोजर) घेऊन ती जोडा, आणि तरीही जे पिक्सेल संपृक्त राहतील त्यांना ‘ठाऊक नाही’ असे नोंदवा, म्हणजे त्या जागी आयाम न लादता प्रोग्रॅमचाच आयाम राहू द्या. संपृक्त मूल्य खरे मानून लादले की सगळे चित्र बिघडते. ‘ठाऊक नाही’ असा भाग मधल्या एका ठिपक्याएवढाच असेल तर पद्धत तो भरून काढते. त्याहून मोठा झाला तर चित्रात लाटांसारखे मंद चढउतार येतात आणि ते दूर करायला दुसरी माहिती लागते. स्फटिकवेडी यांनी सांगितलेल्या १९९९ च्या प्रयोगातही मधला भाग साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाच्या चित्रावरून भरला होता.

आणि कॅमेऱ्याच्या आकड्यांचे वर्गमूळ काढायला विसरू नका. कॅमेरा तीव्रता देतो, आयाम नव्हे. यात माझे दोन पूर्ण दिवस गेले आहेत, आणि ती चूक मला एका बी.एस्सी.च्या मुलाने दाखवून दिली होती.

कंदील

काल रात्री भिंग यांनी सांगितल्याप्रमाणे पंधरा आवर्तने त्रिकोणी सपोर्ट, मग चौकोन, आणि त्यानंतर श्रिंक-रॅप असे चालवले. ऋण पिक्सेलचा नियमही लावला. वीस वेगवेगळ्या यादृच्छिक सुरुवातींपैकी अठरांमध्ये अक्षर एकटे आणि स्वच्छ आले. त्यांतल्या सातांमध्ये ते उलटे आहे, पण एकच शिरोरेषा आहे. एकात काना गेला. उरलेल्या एकात अजूनही दोन्ही अक्षरे एकमेकांत अडकलेली आहेत.

या अठरा चित्रांची सरासरी घेऊ का? आणि ती घ्यायची तर सर्वांत कमी त्रुटीचे एकच चित्र न घेण्याचे कारण काय?

भिंग

सरासरी जरूर घ्या, पण त्याआधी उलटी सात चित्रे फिरवून घ्या आणि सर्वच चित्रे एकमेकांवर सरकवून जुळवा, कारण प्रत्येक सुरुवात अक्षर एखाद-दुसरा पिक्सेल इकडेतिकडे नेऊन ठेवते. न जुळवता घेतलेली सरासरी म्हणजे पुन्हा दोन शिरोरेषा.

तुमच्या संगणकावरच्या, गोंगाट नसलेल्या आकड्यांसाठी सर्वांत कमी त्रुटीचे चित्र पुरेल. खऱ्या मोजमापात मात्र गोंगाट असतो आणि दर सुरुवातीगणिक चित्राचा बारीक तपशील थोडा वेगळा येतो. जो तपशील सर्व चित्रांत टिकतो तो वस्तूचा, आणि जो दर वेळी बदलतो तो गोंगाटाचा. सरासरीत दुसरा आपोआप फिका पडतो. सरासरीचे फूरिये रूपांतर करून त्याच्या आयामांना मोजलेल्या आयामांनी भागा आणि केंद्रापासूनच्या अंतराप्रमाणे आलेख काढा. तो जिथे १ पासून ढासळू लागतो तिथपर्यंतच तुमच्या फेजवर विश्वास ठेवता येतो. अहवालात विभेदनक्षमता म्हणून तेच अंतर लिहा, कॅमेऱ्याच्या कडेचे नव्हे.